ग्रंथालय आहे, तरी विद्यापीठ बांधता येईना

‘सिव्हिलायझेशन फोर’ या संगणकावरच्या खेळासाठी स्वतःचा सिनॅरिओ, म्हणजे नकाशा, शहरे आणि त्यांचे मालक आधीच मांडून दिलेला डाव, लिहायला बसणाऱ्याची गाडी बहुधा एका ठरावीक ठिकाणी अडते. नकाशा तयार असतो, बगदाद अरबांच्या ताब्यात दिलेले असते, शहरात ग्रंथालय असते, विद्यापीठासाठी लागणारे ‘शिक्षण’ हे तंत्रही अरबांना देऊन ठेवलेले असते, आणि तरीही बगदादच्या बांधकामांच्या यादीत विद्यापीठ दिसत नाही. शेजारच्या इराणी शहरात अगदी त्याच ओळी लिहिलेल्या असतात आणि तिथे विद्यापीठ निमूटपणे यादीत हजर असते. लिहिणारा फाइल वरून खाली आणि खालून वर वाचतो, स्पेलिंग तपासतो, खेळ पुन्हा सुरू करतो, पण हाती काही लागत नाही, कारण फाइलमधली प्रत्येक ओळ शुद्धच असते. अडचण आहे ती अरबांच्या खास इमारतीची. हा खेळ अशा इमारतींकडे कसा पाहतो, हे एकदा कळले की अशा तऱ्हेवाईक प्रसंगांपैकी बहुतेकांचा उलगडा होतो.

मूळ खेळ २००५ साली आला, तेव्हा प्रत्येक संस्कृतीला स्वतःचे एक खास पथक होते, पण खास इमारत नव्हती. ती २००६ च्या ‘वॉरलॉर्ड्स’ या विस्तारात आली आणि २००७ च्या ‘बियाँड द स्वोर्ड’मध्ये तिचा पसारा वाढला, पुढे लिहिले आहे ते या शेवटच्या आवृत्तीला धरून. या खेळाच्या नियमांचा कोड निर्मात्यांनी हौशी मंडळींसाठी खुला केला आहे, त्यामुळे आत काय चालते याबद्दल अंदाज बांधत बसावे लागत नाही, ते सरळ वाचता येते.

खास इमारत म्हणजे नेहमीच्या एखाद्या इमारतीची एका संस्कृतीपुरती बदललेली आवृत्ती. रोमनांना बाजाराच्या जागी फोरम मिळतो, जो बाजाराची सगळी कामे करून वर थोर व्यक्ती जन्माला येण्याचा वेग पंचवीस टक्क्यांनी वाढवतो. कोरियाच्या विद्यापीठाचे नाव सोवॉन, आणि ते संशोधनात २५ ऐवजी ३५ टक्के भर घालते. भारताला तुरुंगाच्या जागी मकबरा दिलेला आहे आणि त्यामुळे शहरात दोन समाधानी चेहरे वाढतात. तुरुंगाची बदली म्हणून मकबरा कोणाला सुचला असेल, हे कोडे मला आजतागायत सुटलेले नाही. जगात एकदाच बांधता येणारी आश्चर्ये हा निराळा विषय आहे आणि त्यांची या इमारतींशी गल्लत करू नये. आश्चर्याला मर्यादा असते ती संख्येची. खास इमारत मात्र प्रत्येक शहरात बांधता येते, फक्त ती बांधणारा ठरलेला असतो.

आता मुख्य मुद्दा. खेळाच्या पोटात प्रत्येक इमारतीची नोंद दोन पातळ्यांवर होते. वरच्या पातळीवर ‘इमारतीचा वर्ग’ असतो आणि खालच्या पातळीवर प्रत्यक्ष ‘इमारत’. ग्रंथालय हा वर्ग आहे. साधे ग्रंथालय ही त्या वर्गातली एक इमारत, आणि अरबांचा मदरसा ही त्याच वर्गातली दुसरी. प्रत्येक वर्गाची एक मूलभूत इमारत ठरलेली असते, आणि ज्या संस्कृतीला वेगळी इमारत द्यायची तिच्या नोंदीत ‘या वर्गासाठी ही इमारत’ एवढी एक जोडी लिहिलेली असते. अशी जोडी जिथे नाही तिथे मूलभूत इमारत गृहीत धरली जाते.

आपल्याकडच्या महसूल खात्यात याला चपखल जुळणारे उदाहरण आहे. गावाच्या जमिनीचे दप्तर सांभाळणारा माणूस प्रत्येक राज्यात असतो, पण महाराष्ट्रात तो तलाठी, मध्य प्रदेशात पटवारी आणि उत्तर प्रदेशात लेखपाल म्हणून ओळखला जातो. दप्तर सांभाळण्याचे पद म्हणजे वर्ग, आणि तलाठी, पटवारी, लेखपाल या त्या पदावर बसणाऱ्या वेगवेगळ्या इमारती. १९५६ साली विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला तेव्हा गावागावांतले दप्तर होते तिथेच राहिले, ते सांभाळणाऱ्याच्या पदाचे सरकारी नाव मात्र राज्याप्रमाणे ठरले. विदर्भात जुनी माणसे अजूनही पटवारीच म्हणतात, ती गोष्ट वेगळी.

इथपर्यंत सगळे सरळ आहे. गुंता होतो तो खेळ या दोन पातळ्यांपैकी कोणत्या पातळीवर चौकशी करतो, याच्यामुळे. नियमांमध्ये ‘अमुक इमारत असेल तरच तमुक करता येईल’ अशा अटी जागोजाग आहेत, आणि त्या तपासण्याच्या एकूण तीन पद्धती कोडमध्ये सापडतात.

पहिली पद्धत पदाची मोजणी करते. प्रमाण आकाराच्या नकाशावर ऑक्सफर्ड विद्यापीठ हे राष्ट्रीय आश्चर्य बांधायचे तर देशात सहा विद्यापीठे हवीत, आणि ही मोजणी वर्गावर होते. विद्यापीठाच्या वर्गातले काहीही चालते. सोवॉन असो की साधे विद्यापीठ, आकडा एकाने वाढतो. म्हणजे सहा गावांत दप्तर सांभाळणारा कोणी आहे की नाही एवढेच विचारले जाते, त्याला काय म्हणतात याच्याशी कर्तव्य नसते.

दुसरी पद्धत शहरापुरत्या अटींसाठी आहे, आणि बगदादचे घोडे इथेच अडलेले असते. विद्यापीठाला त्याच शहरात ग्रंथालय लागते. नियमांच्या फाइलमध्ये ही अटसुद्धा वर्गाच्या नावानेच लिहिलेली आहे, त्यामुळे वाचणाऱ्याची सहज समजूत होते की त्या वर्गातले काहीही चालेल. कोड मात्र एक पाऊल पुढे जातो. तो आधी विचारतो की या शहराच्या मालकाच्या संस्कृतीत ग्रंथालयाच्या वर्गासाठी कोणती इमारत ठरलेली आहे, त्याचे उत्तर ‘मदरसा’ असे येते, आणि मग तो शहरात मदरसा आहे का हे पाहतो. साधे ग्रंथालय समोर उभे असले तरी ते त्याच्या हिशेबात नाही. तलाठ्याच्या सहीचा कागद मागणाऱ्या बाबूपुढे पटवाऱ्याच्या सहीचा कागद ठेवावा आणि त्याने तो न वाचता परत करावा, तसा हा प्रकार आहे. नेहमीच्या खेळात हे कधी उघडकीस येत नाही, कारण तिथे अरबांच्या शहरात साधे ग्रंथालय उभे राहण्याची वाटच ठेवलेली नाही. ती वाट सिनॅरिओ लिहिणारा स्वतः उघडतो.

ती उघडते ती अशी. सिनॅरिओची फाइल ही साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात प्रत्येक शहराचा एक परिच्छेद असतो, त्यात मालक, नाव आणि लोकसंख्या यांच्या खाली एकेका ओळीत एकेक इमारत लिहिलेली असते. (फाइलमध्ये ही नावे रोमन मोठ्या अक्षरांत असतात, इथे मी ती देवनागरीत देतो.) ‘बिल्डिंग_लायब्ररी’ असे लिहिले की फाइल वाचणारा कोड त्या नावाची नेमकी इमारत शोधतो आणि शहरात उभी करतो. मालक कोण, त्याची खास इमारत कोणती, याची विचारपूस तो करत नाही. फाइलमध्ये वर्गाचे नाव देण्याची सोयच नाही. जे लिहाल तेच मिळेल. म्हणून अरब शहराच्या परिच्छेदात ‘बिल्डिंग_अरेबियन_मद्रासा’ असे पूर्ण नाव लिहावे लागते.

कोरियाच्या बाबतीत या दोन पद्धती एकमेकींच्या विरोधात जातात, आणि ते पाहण्यासारखे आहे. समजा, सहा कोरियन शहरांत लिहिणाऱ्याने सवयीने साधी विद्यापीठे ठेवली. देशाच्या मोजणीत सहा विद्यापीठे भरतात, म्हणजे ऑक्सफर्डची पहिली अट पुरी झाली. पण ऑक्सफर्डला ज्या शहरात ते बांधायचे त्या शहरातही विद्यापीठ लागते, आणि ही दुसरी तपासणी सोवॉन शोधते. परिणामी देश पात्र ठरतो आणि देशातले एकही शहर पात्र ठरत नाही.

तिसरी पद्धत सर्वांत कडक आहे. पथक उभारण्यासाठी इमारतीची अट घालायची असेल तर पथकाच्या नोंदीत वर्ग देता येत नाही, एका इमारतीचे नेमके नाव द्यावे लागते, आणि शहरात नेमकी तीच इमारत असावी लागते. मूळ खेळात या पद्धतीचा उपयोग धर्मप्रचारकांसाठी होतो. त्यांना मठ लागतो, आणि मठाची खास आवृत्ती कोणत्याच संस्कृतीला दिलेली नसल्यामुळे काही बिघडत नाही. पण सिनॅरिओसाठी कोणी नवे पथक तयार करून त्याला बराकीची अट घातली, की झुलू संस्कृतीला ते पथक कधीच उभारता येत नाही. झुलूंच्या बराकीच्या जागी इखांडा असतो, आणि इखांडा कितीही चांगला असला तरी त्याचे नाव बराक नाही. यावरचा उपाय म्हणजे झुलूंसाठी त्या पथकाची स्वतंत्र आवृत्ती करून तिला इखांडाची अट घालणे. पथकांनाही वर्ग आणि प्रकार अशा दोन पातळ्या असल्यामुळे ते जमते.

नावांच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे, आणि त्याचे कारण इतिहासात आहे. २००५ च्या खेळात शहराला सांस्कृतिक प्रभावाचे गुण देणाऱ्या पहिल्या स्वस्त इमारतीचे नाव ‘ऑबेलिस्क’ होते आणि ती सगळ्यांना बांधता येई. पुढे खास इमारती आल्या तेव्हा ऑबेलिस्क हे नाव इजिप्तला द्यायचे ठरले, आणि सर्वांच्या इमारतीला पडद्यावर ‘मॉन्युमेंट’, म्हणजे स्मारक, असे नवे नाव मिळाले. आतले नाव मात्र कोणी बदलले नाही. आजही फाइलमध्ये ‘बिल्डिंग_ऑबेलिस्क’ लिहिले की सर्वसाधारण स्मारक उभे राहते, आणि इजिप्तच्या खऱ्या ऑबेलिस्कसाठी ‘बिल्डिंग_इजिप्शियन_ऑबेलिस्क’ लिहावे लागते. थीब्जमध्ये ऑबेलिस्क हवा म्हणून सरळमार्गी माणूस जे नाव लिहील, त्याने नेमकी चुकीची इमारत मिळते, आणि दोन पुरोहित नेमण्याची इजिप्तची सवलत कुठे गेली हे कळत नाही.

गंमत म्हणजे हाच इजिप्त स्टोनहेंज बांधतो तेव्हा सगळे सुरळीत होते. स्टोनहेंज प्रत्येक शहराला स्मारक फुकट देते, पण ते देताना खेळ वर्गापासून सुरुवात करून मालकाची आवृत्ती शोधतो, त्यामुळे इजिप्तच्या प्रत्येक शहरात ऑबेलिस्क येतो आणि इथिओपियाने स्टोनहेंज बांधले तर तिथे स्टेला येते. थोडक्यात, खेळ स्वतः इमारत देतो तेव्हा ती मालक बघून देतो. सिनॅरिओची फाइल देते तेव्हा मालक बघितला जात नाही.

शहर जिंकले गेल्यावर काय होते, हा सिनॅरिओ लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा भाग आहे, कारण इतिहासावर बेतलेल्या सिनॅरिओत शहरे सतत हात बदलतात. शहर पडले की खेळ त्यातली एकेक इमारत घेतो, तिचा वर्ग पाहतो आणि जेत्याच्या संस्कृतीत त्या वर्गासाठी कोणती इमारत आहे ते शोधतो. मग फासा टाकला जातो. बहुतेक साध्या इमारती टिकण्याची शक्यता ६६ टक्के असते, तर काही इमारती कधीच जेत्याच्या हाती लागू नयेत अशी नोंद त्यांच्यावर आधीच केलेली असते. टिकलेली इमारत जेत्याच्या रूपात उभी राहते. इराणने रोमन शहर घेतले तर तिथला फोरम बाजार होतो. रोमने ते परत घेतले आणि बाजार टिकला, तर त्याचा पुन्हा फोरम होतो. सातारचा किल्ला १७०० साली औरंगजेबाने घेतला तेव्हा त्याचे नाव अजमतारा झाले आणि मराठ्यांनी तो परत घेतल्यावर ते नाव जाऊन अजिंक्यतारा हे नाव आले, तसेच हे. फरक इतकाच की खेळात नावाबरोबर गुणही बदलतात. शहर लढाईने न घेता तहात किंवा भेट म्हणून मिळाले तर फासा टाकला जात नाही, सगळ्या इमारती टिकतात, पण रूपांतर तिथेही होतेच.

एखाद्या वर्गासाठी संस्कृतीला कोणतीच इमारत नाही, असेही नोंदवता येते. मध्ययुगीन सिनॅरिओत भटक्या टोळ्यांना ग्रंथालये बांधू द्यायची नसतील तर त्यांच्या नोंदीत त्या वर्गापुढे ‘काही नाही’ असे लिहायचे. अशा टोळीने ग्रंथालय असलेले शहर जिंकले तर ते ग्रंथालय नाहीसे होते, जे अपेक्षितच आहे. अपेक्षित नसलेली गोष्ट अशी की त्या टोळीला विद्यापीठ आता ग्रंथालयाशिवाय बांधता येते. शहरापुरती तपासणी करणारा कोड मालकाची आवृत्ती शोधतो, उत्तर ‘काही नाही’ असे येते, आणि जे अस्तित्वातच नाही त्याची अट काय घालायची म्हणून तो पुढे जातो. ग्रंथालय बंद करायचे असेल तर त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे स्वतंत्रपणे बंद करावे लागते.

माझ्याकडे अठराव्या शतकातल्या मराठ्यांचा एक सिनॅरिओ अर्धवट पडून आहे, आणि खास इमारतींचे बहुतेक धडे मी त्याच्यावरच गिरवले. मूळ खेळात मराठे ही संस्कृती नाही. फाइलमधल्या खेळाडूच्या परिच्छेदात संस्कृतीचे वर्णन बदलता येते, म्हणून मी संस्कृती ‘भारत’ ठेवली आणि वर्णनात ‘मराठे’ लिहिले. मोगलांसाठीही तेच केले. पडद्यावर नावे झकास दिसू लागली, पण वर्णन म्हणजे दारावरची पाटी असते. आतला हिशेब संस्कृतीच्या मूळ नोंदीवर चालतो, त्यामुळे पेशव्यांना आणि बादशहाला एकच खास इमारत मिळाली, ती म्हणजे मकबरा, आणि तीही ‘राज्यघटना’ या तंत्राचा शोध लागल्यानंतर. मोगलांना मकबरा शोभला असता, पण तो शनिवारवाड्याच्या शेजारी उभा करायचे माझ्या मनात नव्हते.

मग मी मराठ्यांसाठी स्पेनची संस्कृती घेऊन पाहिली, कारण स्पेनला किल्ल्याच्या जागी सिटाडेल मिळतो, आणि मराठ्यांना किल्ल्याखेरीज दुसरी कोणती खास इमारत द्यायची? पण सिटाडेलचा खास गुण वेढ्याच्या हत्यारांना पाच अनुभवगुण देण्याचा आहे, जो गनिमी काव्याशी फारसा जुळत नाही, आणि खेळताना वसवलेल्या पहिल्या नव्या शहराचे नाव माद्रिद आले तेव्हा तो नाद मी सोडला.

खरा मार्ग मॉडचा, म्हणजे खेळाच्या नियमांच्या फाइलींची स्वतःची बदललेली आवृत्ती करण्याचा आहे. इमारतींच्या फाइलमध्ये ‘गड’ अशी नवी नोंद करायची, तिचा वर्ग किल्ल्याचाच ठेवायचा, आणि संस्कृतींच्या फाइलमध्ये मराठे ही नवी संस्कृती लिहून तिच्याखाली ‘किल्ल्याच्या वर्गासाठी गड’ ही जोडी द्यायची. वर्ग किल्ल्याचाच ठेवण्याला कारण आहे. गडासाठी नवा वर्ग काढला तर मराठ्यांना किल्ला आणि गड दोन्ही बांधता येतील, आणि मोगलांनी गड घेतला तर त्याचा किल्ला न होता तो नव्या वर्गाच्या मूलभूत इमारतीत बदलेल. ती कोणती ठेवायची हा नवाच प्रश्न उभा राहतो. वर्ग तोच ठेवल्यास ही सगळी व्यवस्था आपोआप लागते. किल्ला ‘अर्थशास्त्र’ या तंत्राबरोबर कालबाह्य होतो, पण ती अट वर्गाची नसून प्रत्येक इमारतीच्या नोंदीत स्वतंत्र असते, त्यामुळे गडाला ती लावायची की नाही हे लिहिणाऱ्याच्या हातात राहते. मी लावली नाही. सिनॅरिओच्या फाइलच्या सुरुवातीला मॉडचा मार्ग सांगणारी एक ओळ असते. ती रिकामी राहिली तर खेळ मूळ नियमांनिशी उघडतो, आणि ‘गड’ हे नाव त्याने कधी ऐकलेलेच नसते.

बगदादकडे परत येऊ. तिथली चूक लक्षात आली नाही आणि सिनॅरिओ तसाच खेळला गेला, तर खेळणाऱ्याला बांधकामाच्या यादीत मदरसा दिसतो, कारण शहरात ती इमारत अजून नाही. एका शहरात एक इमारत एकदाच बांधता येते, हा नियम इमारतीला लागू आहे, वर्गाला नाही. खेळणारा मदरसा बांधतो, विद्यापीठाचा मार्ग मोकळा होतो, आणि बगदादमध्ये आता ग्रंथालय व मदरसा दोन्ही उभे असल्यामुळे दोघांचे २५ टक्के मिळून संशोधनात ५० टक्क्यांची भर पडते. तेव्हा सिनॅरिओ तपासण्याची माझी पहिली पायरी ठरलेली आहे. प्रत्येक शहर उघडायचे, आणि एकाच वर्गाची एक इमारत उभी व दुसरी यादीत, अशी जोडी कुठे दिसते का ते पाहायचे.

अशी दुहेरी इमारत कधी कधी मुद्दामही ठेवतात. रोमच्या जुन्या प्रांतातले शहर इजिप्तच्या ताब्यात दाखवायचे असेल तर तिथे फोरम ठेवता येतो. इमारतीचे गुण इमारतीबरोबर असतात, मालक कोणीही असो, त्यामुळे इजिप्तला फोरमचा फायदा मिळत राहतो, आणि त्याने शेजारी स्वतःचा बाजार बांधला तर सोन्यातली भर दुप्पट होते. पण हे शहर रोमने जिंकले की दोन्ही इमारतींचा वर्ग पाहिला जातो, दोन्हींचे उत्तर ‘फोरम’ येते, दोन्हींसाठी वेगवेगळा फासा पडतो, आणि दोन्ही टिकल्या तरी शहरात फोरम एकच राहतो. किमान एक टिकण्याची शक्यता मात्र ६६ वरून सुमारे ८८ टक्क्यांवर गेलेली असते.